परदेशातून कोल्हापूर: घरापर्यंतचं विमान स्वस्तात कसं बसवायचं? (दिवाळी २०२६)

माईनकाठ
फ्रँकफर्टहून कोल्हापूरला दिवाळीसाठी यायचं आहे. दोघं मोठी, चार वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी. ती २० नोव्हेंबरला दोन वर्षांची होते. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. गुरुवारी ५ तारखेला घरी पोचायचं आणि २२ ला परत फिरायचं असा बेत आहे. मुंबईपर्यंतची तिकिटं शेकड्यांनी दिसतात, पण तिथून पुढचा खर्च आणि वेळ धरून कुठला मार्ग स्वस्त पडतो ते कळत नाही. थेट कोल्हापूरपर्यंत एकच तिकीट काढावं की मुंबईपर्यंत काढून पुढचं वेगळं बघावं? आणि धाकटीचं तिकीट कसं धरायचं?

उजळाईवाडी_फाटा
दादा, हिशोब मुंबईपासून सुरू करू नका. घराच्या दारापासून उलटा करा. कोल्हापूरकरांचं तिकीट महाग पडतं ते शेवटच्या चारशे किलोमीटरमुळे, आणि सर्च करताना तेच कुणी धरत नाही.

आपल्याला वापरता येण्याजोगे विमानतळ असे. आपला उजळाईवाडी, म्हणजे केएलएच (कोल्हापूर विमानतळाचा कोड), शहरापासून नऊ-दहा किलोमीटर. नवीन टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. इथून हैदराबाद आणि बेंगळुरूला इंडिगो जाते, मुंबईची सेवा स्टार एअर देते. आंतरराष्ट्रीय विमान इथे उतरत नाही, त्यामुळे इमिग्रेशन आणि कस्टम्स आधी दुसऱ्या शहरात करावंच लागतं. बेळगाव सुमारे ११० किलोमीटर, तिथेही फक्त देशांतर्गत विमानं. गोव्याचं मोपा वाटेप्रमाणे दीडशेच्या आसपास, चार तास धरा. पुणे सुमारे २३५ किलोमीटर, पण थेट परदेशी विमानं मोजकीच. मुंबई पावणेचारशे ते चारशे. नवी मुंबईचं उलवे विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत विमानांनी सुरू झालं. तिथे उतरलात तर सायन-चेंबूरची गर्दी टळते आणि थेट एक्सप्रेस-वेकडे निघता येतं.

आता प्रत्येक विमानतळासाठी चार आकडे लिहा: तिकीट, पुढच्या प्रवासाचं भाडं, जादा सामानाचे पैसे, आणि मध्ये मुक्काम करावा लागला तर खोलीचं भाडं. चौघांचं मिळून लिहा. एकट्या माणसाला मुंबई आणि रात्रीची ट्रॅव्हल्स बहुतेक वेळा स्वस्त पडते. चौघं आणि सात-आठ डाग असले की हेच गणित उलटतं.

बिंदू_चौक
वरच्या यादीचा सर्चमध्ये असा उपयोग करा. गूगल फ्लाइट्सच्या 'कुठे' या रकान्यात स्वल्पविराम देऊन सात विमानतळ एकत्र टाकता येतात. बीओएम (मुंबई), एनएमआय (नवी मुंबई), पीएनक्यू (पुणे), जीओएक्स (मोपा), एचवायडी (हैदराबाद), बीएलआर (बेंगळुरू) आणि केएलएच, सात पूर्ण झाले. 'कुठून'मध्ये फ्रँकफर्टबरोबर म्युनिक, डुसेलडॉर्फ, ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स टाका. तारखेच्या चौकटीत जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा दोन-तीन दिवस पुढेमागे करून बघा. दिवाळीच्या आठवड्यात एका दिवसाच्या फरकाने भाड्याचा टप्पाच बदलतो.

या शोधात सगळं दिसेलच असं नाही. छोट्या कंपन्यांची विमानं अशा सर्चमध्ये अनेकदा येत नाहीत, म्हणून कोल्हापूर-मुंबई कंपनीच्या साइटवर वेगळं बघा. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, म्हणजे यंदा २५ ऑक्टोबरला. लांब पल्ल्याच्या कंपन्या साधारण अकरा महिने आधी तिकिटं खुली करतात, पण उजळाईवाडीसारख्या ठिकाणची हिवाळी विमानं बरीच उशिरा चढतात. आज नोव्हेंबरात कोल्हापूरचं विमान दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका. तसंच आज दिसतंय म्हणून वेळ तीच राहील हेही धरू नका.

भाव सापडला की अलर्ट लावा, आणि खरेदी शक्यतो विमान कंपनीच्या साइटवरच करा. मधल्या पोर्टलवर पाच-दहा युरो वाचतात, पण वेळापत्रक बदललं की कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो कंपनीला विचारा. लहान मुलं बरोबर असताना हे परवडत नाही. स्वस्त यादीत 'सेल्फ ट्रान्सफर' असं काही दिसलं तर ती दोन वेगळी तिकिटं एकत्र दाखवलेली असतात.

इनकॉग्निटोत बघितलं की स्वस्त, मंगळवारी रात्री काढलं की स्वस्त, यावर वेळ घालवू नका. भाव बदलतो तो जागांच्या श्रेणीमुळे.

माईनकाठ
श्रेणी म्हणजे काय ते जरा उलगडून सांगाल का?

बिंदू_चौक
इकॉनॉमीतल्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. एकाच डब्यात दहा-बारा भाडी असतात, प्रत्येकाला एक अक्षर, आणि प्रत्येक अक्षरात विकायला काढलेल्या जागा मोजक्या. खालचं अक्षर संपलं की वरचं सुरू.

यात कुटुंबाचा तोटा असा होतो. समजा खालच्या श्रेणीत ६४० युरोच्या दोनच जागा उरल्यात आणि पुढची श्रेणी ७३० ची आहे. तुम्ही तीन जागा एकत्र शोधल्या तर बहुतेक साइट तिन्ही जागा ७३० ने दाखवतात, कारण तिन्ही एकाच श्रेणीत बसायला हव्यात. म्हणून आधी एका माणसाचा भाव बघा, मग दोघांचा, मग सगळ्यांचा. एकट्याचा भाव कमी आला तर दोन पीएनआर (म्हणजे दोन वेगळी बुकिंग) करायचे: एक मोठा आणि मुलगा एकात, दुसरा मोठा आणि धाकटी दुसऱ्यात. मुलांना कधीही एकटं वेगळ्या पीएनआरवर ठेवू नका. खरेदी झाली की कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या आणि जागा शेजारी लावून घ्या. तोटाही सांगून ठेवतो. विमान रद्द झालं तर यंत्रणा दोन पीएनआरना वेगवेगळ्या विमानांत टाकू शकते. फरक माणशी वीस-तीस युरोचा असेल तर हा खटाटोप नको.

करवीर_कन्या
धाकटीबद्दल कुणी बोललं नाही आणि पैसे तिथेच जाणार आहेत, म्हणून लिहिते.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं. त्याचं भाडं मोठ्याच्या साधारण दहा टक्के आणि वर कर. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावीच लागते, आणि दोन ते अकरा वयाला मोठ्याच्या तीन चतुर्थांशापासून पूर्ण भाड्यापर्यंत काहीही पडतं. वय बघतात ते प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी, तिकीट काढलं त्या दिवशी नाही. तुमची परत २२ नोव्हेंबरला आहे, म्हणजे परतीला तिची जागा लागणारच. काही कंपन्या अशा वेळी पूर्ण परतीचं तिकीटच मुलाच्या दराने आकारतात, काही फक्त परतीच्या टप्प्याचं. साइटवर हे नीट हाताळलं जात नाही, फोन करून विचारा.

परत १९ तारखेला करता आली तर एका जागेचं भाडं वाचेल. पण इथे एक अडचण आहे. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. '१९ च्या रात्रीचं विमान' म्हणून काढाल आणि तिकिटावर तारीख पडेल २०, म्हणजे मुलगी दोन वर्षांची झालेली असेल. तिकिटावर १९ छापलेलं हवं. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर कोल्हापूर १८ लाच सोडावं लागेल.

पाळण्यासाठी समोरच्या भिंतीजवळची जागा मागायचा विचार असेल तर तो सोडा. पाळण्याची वजनमर्यादा बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास असते आणि या वयाचं मूल त्यात मावत नाही. सात-आठ तासांच्या विमानात मांडीवर घेऊन बसायचं की जागा विकत घ्यायची, हा पैशाइतकाच शरीराचा प्रश्न आहे. भाव ठीक मिळाला तर मी जाताना-येताना जागा घ्या असंच सांगेन.

उजळाईवाडी_फाटा
आता मुख्य प्रश्न, एक तिकीट की दोन.

आधी सर्चमध्ये थेट फ्रँकफर्ट ते केएलएच टाकून बघा. इंडिगोचं काही परदेशी कंपन्यांशी कोडशेअर (एकमेकांची विमानं आपल्या तिकिटावर विकायचा करार) आहे, त्यामुळे कधी कधी कोल्हापूरपर्यंत एकच तिकीट मिळतं. मिळालं तर तीन फायदे. एक, आधीचं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. दोन, सामानाची मर्यादा सहसा आंतरराष्ट्रीयच शेवटपर्यंत चालते, तिकिटावर केएलएचच्या ओळीत छापलेली असते ती बघा. तीन, युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम लागतो. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई. एकच बुकिंग असेल तर 'शेवटचं ठिकाण' कोल्हापूर धरलं जातं. परतीला हा नियम फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागतो.

तिकीट एक असलं तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून सगळं सामान घेणं, कस्टम्स, आणि पुन्हा सामान देणं हे करायचंच आहे. बॅगेवरच्या पट्टीवर केएलएच छापलेलं असलं तरीही. अनेक जण पट्टी बघून पुढे निघून जातात आणि बॅग मुंबईत राहते.

दोन वेगळी तिकिटं काढली तर यातलं काहीही मिळत नाही. पहिलं उशिरा आलं आणि दुसरं गेलं तर दुसऱ्याचे पैसे गेले, आणि उजळाईवाडीला रोज दहा विमानं येत नाहीत. मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा. मुंबईत टी-१ आणि टी-२ यांच्यात रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे देशांतर्गत विमान कुठून आहे ते तिकिटावर आधी वाचा. हैदराबाद इथे सोपं पडतं, कारण आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत एकाच इमारतीत आहे. बेंगळुरूत आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ ला उतरतात, इंडिगोची देशांतर्गत बहुतेक टी-१ वरून सुटतात.

तुमच्यासाठी मुद्दाम: लुफ्थान्सा फ्रँकफर्टहून मुंबई, बेंगळुरू आणि २०२४ पासून हैदराबाद, तिन्हीकडे थेट येते. हैदराबादचा भाव मुंबईइतकाच आला तर त्याला झुकतं माप द्या.

तांबडा_पांढरा
सामानाच्या मुद्द्यात भर. वेगळं देशांतर्गत तिकीट काढलं तर इंडिगोत इकॉनॉमीला चेक-इन १५ किलो आणि हातात ७ किलो. फ्रँकफर्टहून २३ किलोची बॅग आणलीत तर प्रत्येकी आठ किलो जादा. हे काउंटरवर भरलं तर महाग, आधी साइटवर घेतलं तर कमी. चौघांचं मिळून हे पैसे कधी कधी केएलएचच्या तिकिटाइतके होतात, म्हणून फाटेवाल्यांनी सांगितलेल्या चार आकड्यांत ते धराच. एटीआरसारख्या छोट्या विमानात हातातली मोठी चाकाची बॅग वरच्या कप्प्यात बसत नाही, ती दारात घेऊन खाली टाकतात. त्यात औषधं, पासपोर्ट, पॉवर बँक ठेवू नका. पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही.

परत जातानाचं: सुकं खोबरं चेक-इनमध्येही चालत नाही, तेलामुळे पेट घेणाऱ्या मालात ते मोडतं. कांदा-लसूण मसाला, गूळ, चटणी न्या. पेढे, तूप, कंदी असलं काही युरोपात नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथे बंदी आहे.

दूधगंगा_काठ
सगळे युरोपचंच बोलाय लागलेत. आखातातनं येणाऱ्यांसाठी काय येगळं?

देरा_दुबई
आखाताचं गणितच वेगळं आहे भावा. युरोप-अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांत एकेरी तिकीट परतीच्या निम्म्यापेक्षा बरंच महाग पडतं, म्हणून तिकडच्यांनी परतीचंच काढावं. आखातातल्या स्वस्त कंपन्या दोन्ही बाजू स्वतंत्र विकतात. त्यामुळे जाताना एक कंपनी, येताना दुसरी, जाताना मुंबई, येताना गोवा, असं मोकळेपणी जमवता येतं.

भाव चढतो तो गर्दीच्या दिशेने. जूनअखेर-जुलैत शाळा सुटल्या की दुबई ते भारत महाग, त्याच आठवड्यात भारत ते दुबई पडून. ऑगस्टअखेरीला उलटं. आईवडिलांना तिकडे बोलवायचं असेल तर याच उलट्या दिशेचा फायदा घ्या. दोन्ही ईदच्या आधीचे चार दिवस टाळा. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतर. त्यामुळे गणपतीला येणाऱ्यांना भाव बरा मिळायला हवा.

दोन गोष्टी तपासा. सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या भाड्यात बहुतेक वेळा फक्त हातातली बॅग असते, ३० किलो जोडल्यावर भाव किती होतो ते बघूनच तुलना करा. आणि दुबईबरोबर शारजा, अबुधाबी, रास अल खैमा टाकून बघा.

कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगडवाल्यांनी मुंबईचा हट्ट सोडावा. तुम्हाला बेळगाव आणि मोपा जवळ. कतार एअरवेज २०२४ पासून मोपाला उतरते, म्हणजे दोहामार्गे युरोप-अमेरिकेहून येणाऱ्यांनाही हा रस्ता खुला आहे. बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा असं थेट घरी.

पंचगंगा_घाट
मोपाचा रस्ता सुचवताना महिना सांगत जा. जुलै-ऑगस्टात आंबोली घाटात दरड कोसळली की तास-दोन तासांचं काम नसतं. तेव्हा कणकवली, फोंडा घाट, राधानगरी ही दुसरी वाट गाडीवाल्याला माहीत हवी. गगनबावड्याकडून यायचं तर करूळ घाट चालू आहे का ते आधी विचारा.

महापुराचंही धरा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि मुंबई-पुण्याकडून शहरात यायचा रस्ताच बंद झाला. जुलैअखेर ते ऑगस्टमध्यापर्यंत येणार असाल तर तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. नोव्हेंबरात ही भीती नाही, पण कागल-सातारा सहापदरीकरणामुळे कराडच्या आसपास वेळ जातो. पुण्याहून गाडीने साडेचार-पाच तास धरा, चारात पोचू असं धरू नका.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
रेल्वेला तुम्ही सगळे विसरलात! मुंबईहून रात्री साडेआठच्या सुमारास महालक्ष्मी एक्सप्रेस आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास कोयना एक्सप्रेस, दोन्ही सीएसएमटीहून सुटतात आणि दादर, कल्याणला थांबतात. विमान दुपारी उतरत असेल तर महालक्ष्मी एकदम जुळते, झोपून सकाळी कोल्हापुरात. युरोपचं विमान रात्री एक-दोनला उतरलं तर महालक्ष्मी गेलेली आणि ट्रॅव्हल्सच्या स्लीपरही गेलेल्या. मग उरते कोयना, आणि ती दिवसभर घेते, रात्री आठनंतर पोचवते. पुण्याला उतरणाऱ्यांसाठी आठवड्यातले तीन दिवस वंदे भारत आहे, बाकी स्वारगेटहून एसटी. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एका रात्रीत मिरजेला आणते, तिथून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आत.

आरक्षण आता ६० दिवस आधीच खुलं होतं, नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वीसारखे चार महिने नाहीत. तत्काळला आयआरसीटीसी खातं आधारशी जोडलेलं लागतं, म्हणून परदेशी नंबरावर धडपडण्यापेक्षा घरच्या माणसाला सांगून काढून ठेवा.

उजळाईवाडी_फाटा
कोयना एकट्यादुकट्याला ठीक. रात्री एकला उतरून दोन लेकरं आणि आठ डाग घेऊन सकाळपर्यंत बसायचं, मग बारा तासांची गाडी? मी तरी सुचवणार नाही. चौघांना मोठी गाडी बरी.

पण गाडी ठरवताना दोन गोष्टी पक्क्या करा. कोल्हापूरहून बोलावलेली गाडी जाण्यायेण्याचे दोन्हीकडचे किलोमीटर लावते, टोल आणि रात्रीचा भत्ता वेगळा. मुंबईहून एकेरी भाड्याची गाडी मिळते का ते विचारा. आणि ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून थेट विमानतळावर आलेला नसावा. त्याला संध्याकाळपर्यंत पोचून चार-पाच तास झोपायला सांगा, त्याची सोय लागली तर तेवढे पैसे द्या. पहाटे खंबाटकी उतरताना पेंगणारा ड्रायव्हर सगळ्यात महाग पडतो. ते जमणार नसेल तर विमानतळाजवळ खोली घेऊन सकाळी निघा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
मुलं बरोबर असतील तर मान्य. एकट्यासाठी मी माझ्या मतावर ठाम आहे, कोयनेइतकं स्वस्त काही नाही.

बे_एरिया_करवीर
अमेरिकेहून येणाऱ्यांसाठी एक विचारतो. एच-१बी चा (नोकरीच्या व्हिशाचा) पासपोर्टवरचा शिक्का संपलाय, आय-७९७ (मंजुरीचं पत्र) वैध आहे. फ्रँकफर्टमार्गे तिकीट सगळ्यात स्वस्त दिसतंय. घ्यावं का?

भवानी_मंडप
नियम तपासल्याशिवाय नका घेऊ. भारतीय पासपोर्टवर जर्मनी किंवा ब्रिटनमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळायची ती पासपोर्टमधल्या वैध अमेरिकन व्हिशावर किंवा ग्रीन कार्डावर. जर्मनीने भारतीयांसाठी ही अट काढत असल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलं, ते लागू झालंय का ते बघा; झालं नसेल तर जुनाच नियम. आय-७९७ हा व्हिसा नव्हे, तो दाखवून सूट मिळत नाही. चेक-इनलाच अडवतात, आणि पहिला टप्पा गेला नाही की त्या तिकिटाचे पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. हे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर पुन्हा वाचा. शिक्का संपलेल्यांनी दोहा, दुबई, अबुधाबीमार्गे यावं, तिथे विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला व्हिसा लागत नाही. मात्र तिकीट एकच हवं. दोन वेगळी तिकिटं असली आणि सामान घेऊन पुन्हा द्यायचं असलं तर त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि मग तिथला व्हिसा लागतो.

आखातमार्गे येताना एकाच तिकिटाचं आणखी एक कारण आहे. २३ जून २०२५ ला कतारने आकाश बंद केलं तेव्हा काही तासांत शेकडो जोडविमानं कोलमडली. अशा वेळी एका पीएनआरवरच्या माणसाला कंपनी दुसरीकडून पोचवते. दोन तिकिटंवाला पहिल्या तिकिटाच्या शेवटच्या गावी अडकतो.

अमेरिकेतून थेट कंपनीकडे, प्रवासाच्या सात दिवस किंवा त्याआधी तिकीट काढलं तर तिथल्या नियमाने २४ तासांत पूर्ण पैसे परत मिळायला हवेत. कंपनी त्याऐवजी भाव २४ तास धरून ठेवण्याची सोय देऊ शकते. चांगला भाव दिसला की आधी घ्या, मग रात्रभर घरच्यांशी बोला.

करवीर_कन्या
आईवडिलांची तिकिटं काढणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्वस्त परतीच्या तिकिटात राहण्याची कमाल मुदत असते, कधी तीन महिने, कधी सहा. ते पाच-सहा महिने राहणार असतील तर भाड्याच्या अटींत ही मुदत वाचा, नाहीतर परतीची तारीख बदलताना फरक भरावा लागतो. व्हीलचेअर फुकट असते, बुकिंगमध्येच नोंदवा, निदान ४८ तास आधी. इंग्रजीची अडचण असलेल्यांना त्याचा फार आधार होतो, मदतनीस इमिग्रेशनपासून पट्ट्यापर्यंत बरोबर असतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच लिहा. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असेल तर ते तिथेच टाका.

भवानी_मंडप
वर्षातून एकदा तरी येणाऱ्यांनी जलद इमिग्रेशनची नोंदणी करून ठेवावी, एफटीआय-टीटीपी. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) दोघांनाही चालते, सध्या फी नाही. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे विमानतळावर. मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू तिन्हीकडे ई-गेट आहेत. पुढचं विमान गाठायचं असेल तेव्हा रांगेतला वेळ वाचतो.

माईनकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता बेत असा दिसतोय. ४ नोव्हेंबरला फ्रँकफर्टहून निघायचं, आधी केएलएचपर्यंतचं एकच तिकीट हैदराबादमार्गे मिळतं का बघायचं. नाही मिळालं तर मुंबईपर्यंत थेट, विमानतळाजवळ खोली आणि सकाळी गाडी. परत १९ तारीख छापलेल्या विमानाने. एक आणि दोन माणसांचा भाव वेगळा तपासतो. भाऊ त्याच आठवड्यात एकटाच दुबईहून मुंबईला उतरतोय, त्याला ५ तारखेची कोयना बघायला सांगतो. तिचं आरक्षण ऑक्टोबरात काढलं तर चालेल ना?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
नाही, ऑक्टोबरात वेटिंगच हातात पडेल. ५ नोव्हेंबरच्या गाडीचं आरक्षण ६ सप्टेंबरला सकाळी आठला खुलं होतं. दिवाळीच्या आधीचा गुरुवार आहे, एसी चेअर कार लवकर संपते. घरच्या माणसाला पावणेआठला लॉगिन करून बसायला सांगा. गाडीत बसायचं ठिकाण दादर टाका. विमानतळावरून सीएसएमटीपेक्षा दादर जवळ, आणि मोठ्या बॅगा असतील तर पूर्वेच्या बाजूने आत या.